नेच्याचं पान आधी उलटं करून बघा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उष्ण कटिबंधातल्या नेच्यांवर, म्हणजे आपण सरसकट ज्यांना फर्न म्हणतो त्यांच्यावर, एक छोटा लेख छापला होता आणि त्यानंतर इतकी पत्रं, मेल आणि मेसेज आले की या महिन्याचं सदर पूर्ण नेच्यांनाच द्यायचं ठरवलं. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, की कोण कुणाचं नातेवाईक हे ठरवतात कसं, आणि मला स्वतःला यातलं तेच सगळ्यात जास्त आवडतं, त्यामुळे काही उत्तरं लांबलीयत. वाचकांची नावं आपण छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

ताई, आमच्या जर्नलमध्ये चीलँथिस फॅरिनोसा असं लिहायला लावतात. पन्हाळ्याला गेलो तेव्हा सर म्हणाले आता अल्युरिटॉप्टेरिस म्हणायचं. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातल्या, शीटवर तिसरंच नाव होतं. नावं सारखी का बदलतात? (बी.एस्सी., कोल्हापूर)

परीक्षेत अभ्यासक्रमात छापलेलं नाव लिही आणि शेजारी नवं नाव दे. आता मुद्द्याचं.

तू बघितलेला नेचा म्हणजे खडकाच्या कपारीत वाढणारा, पान मागून पांढरंशुभ्र, हातावर दाबलं की पानाचा ठसा उमटतो तो. चीलँथिस या एका नावाखाली वर्षानुवर्षं असे सगळे कोरड्या जागचे नेचे घातले गेले, मेक्सिकोतले, आफ्रिकेतले, ऑस्ट्रेलियातले आणि आपल्याकडचे पण, कारण सगळ्यांची पानं बारीक चिरलेली, अंगावर केस नाहीतर खवले नाहीतर ती पांढरी पूड, आणि पानाची कड आत वळून बीजाणूंवर झाकण घालणारी. डीएनए बघितल्यावर कळलं की यातल्या बऱ्याच जणांचं एकमेकांशी जवळचं नातंच नाही, कोरड्यात तग धरायचा म्हटल्यावर वेगवेगळ्या घराण्यांनी आपापले तेच उपाय शोधले. गावात चार घरं पाटलांची असली म्हणून चौघं भाऊबंद नसतात, तसंच हे. म्हणून पांढऱ्या पुडीवाल्या आशियाई-आफ्रिकी गटाला आता अल्युरिटॉप्टेरिस म्हणतात.

पुढची गंमत ऐक. फॅरिनोसा हे नाव ज्या नमुन्यावरून पडलं तो पेर फोर्सकॉल यांनी येमेनमधे गोळा केला होता, १७७५ मधे ते छापलं गेलं. नंतर भारतात मागून पांढरा दिसेल तो प्रत्येक नेचा याच नावाने नोंदवला गेला. आता जे बारकाईने बघतात त्यांचं म्हणणं असं की आपल्याकडची झाडं त्या येमेनवाल्यापेक्षा वेगळी आहेत आणि ती पण एकच जात नाही, ॲन्सेप्स, बायकलर अशा वेगळ्या जाती आहेत. तुला शीटवर दिसलेलं तिसरं नाव बहुतेक यातलंच एखादं असणार.

हा गोंधळ आजचा नाही. लिनियसने १७५३ मधे नेच्यांचे गट पाडले ते पानामागच्या बीजाणूंच्या ठिपक्यांवरून, ज्यांना सोरस म्हणतात. गोल ठिपके म्हणजे पॉलिपोडियम, शिरेच्या बाजूने लांबट रेघा म्हणजे ॲस्प्लेनियम, कडेने पट्टी म्हणजे टेरिस, आणि ठिपकेच नाहीत, पानाची मागची बाजू बीजाणुधान्यांनी, म्हणजे बीजाणूंच्या बारीक पिशव्यांनी, सगळीच माखलेली, ते ॲक्रॉस्टिकम. आठवायला सोपी पद्धत, खिशात भिंग असलं की काम झालं. पण पान पूर्ण माखणं ही गोष्ट नेच्यांमधे कितीतरी वेळा स्वतंत्रपणे घडलीय, एलाफोग्लॉसम, बॉल्बिटिस, स्टेनोक्लीना सगळे तसेच, त्यातले पहिले दोघं एका कुळातले, स्टेनोक्लीना दुसऱ्या आणि ॲक्रॉस्टिकम स्वतः तिसऱ्याच. लिनियसच्या ॲक्रॉस्टिकममधले बहुतेक जण एकेक करून दुसरीकडे गेले आणि मागे राहिले ते मोजके, त्यातला ॲक्रॉस्टिकम ऑरियम आपल्या कोकण-गोव्याच्या खाड्यांत खारफुटीमधे माणसापेक्षा उंच वाढतो.

आणि हा खाडीतला दांडगा नेचा सगळ्यात जवळचा कुणाला, तर सेराटॉप्टेरिसला, जो भातखाचरात आणि डबक्याच्या कडेला वाढणारा लुसलुशीत पाणनेचा आहे, इतका वेगळा दिसणारा की त्याला जुन्या पुस्तकांत पार्केरिएसी नावाचं स्वतंत्र कुळ दिलं होतं. एकाचं पान चामड्यासारखं जाड, दुसऱ्याचं हातात घेतलं की लगेच मलूल होणारं. क्लोरोप्लास्टमधल्या आरबीसीएल या जनुकाचे क्रम शेजारी ठेवले तेव्हा दोघं सख्खे शेजारी निघाले आणि आता दोघं टेरिडेसी कुळात एकाच उपकुळात आहेत. मला विचारशील तर डीएनएच्या अभ्यासाने दिलेल्या सगळ्या धक्क्यांमधे हा सगळ्यात सुंदर.

मधल्या काळात चीनचे चिंग रेन-चांग यांनी १९४० मधे पॉलिपोडिएसी हे अवाढव्य कुळ फोडून ३३ कुळं केली, तेव्हा पुष्कळांना ते अति वाटलं होतं, पण त्यांची मूळ शंका बरोबर होती, त्या एका कुळात नात्यातले नसलेले लोक कोंबले होते. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानातले आणि नंतर कालिकतला गेलेले बी. के. नायर यांनी १९७० मधे स्वतःचं वर्गीकरण मांडलं, त्यात त्यांनी नुसतं पान नाही तर प्रोथॅलससुद्धा, म्हणजे बीजाणूतून आधी उगवणारी छोटी हिरवी चकती, धरला होता, ज्याकडे तोवर फार कमी लोक बघत होते. आणि २०१६ मधे जगभरातल्या ९४ अभ्यासकांनी मिळून एक सामाईक वर्गीकरण छापलं, त्याला पीपीजी-१ म्हणतात, त्यात लायकोपॉड (संजीवनीचा गट, त्याबद्दल खाली आहे) धरून ५१ कुळं, ३३७ प्रजाती आणि अंदाजे ११,९१६ जाती आहेत. तुझ्यासाठी सध्या हाच आधार धर. नवीन जीनोम येत राहतील तसं ते पण बदलणार, आणि बदललंच पाहिजे, कारण नाव हे नात्याबद्दलचं विधान असतं, नातं नीट कळलं की विधान दुरुस्त करायचं.

बाल्कनीतल्या कुंडीतल्या फर्नच्या पानांमागे तपकिरी ठिपके आलेत. नर्सरीत कीड म्हणून औषध दिलं. फवारू का? (ठाणे)

फवारू नका, आधी बघा. वर्णनावरून तुमचा फर्न नेफ्रोलेपिस वाटतोय. ठिपके जर प्रत्येक छोट्या पानाच्या दोन्ही बाजूंना, कडेजवळ, सारख्या अंतरावर ओळीत असतील तर ते सोरस आहेत, झाड उत्तम आहे. खवलेकीड कधी अशी ओळीत बसत नाही, ती देठावर, मधल्या शिरेवर कुठेही असते, नखाने निघते, पान चिकट होतं आणि मुंग्या येतात.

सोरस असतील तर एक पान तोडून पांढऱ्या कागदाच्या घडीत रात्रभर ठेवा, सकाळी कागदावर बारीक तपकिरी भुकटी पडलेली दिसेल, ते बीजाणू. दहा पटीचं भिंग मिळालं तर टेबल लॅम्पच्या उजेडात तेच पान धरा. प्रत्येक बीजाणुधानीच्या पाठीवर जाड भिंतींच्या बारा-तेरा पेशींचा एक पट्टा असतो, त्याला ॲन्युलस म्हणतात, दिव्याच्या उष्णतेने त्या पेशींतलं पाणी उडतं, आत ताण वाढतो, पट्टा हळूहळू मागे वळत धानी उघडतो आणि मग एका क्षणी पेशींच्या आतल्या पाण्यात बुडबुडे होतात आणि पट्टा फाटकन परत मिटतो, बीजाणू उडाले. फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मधे याचा हायस्पीड कॅमेऱ्याने अभ्यास केला, बीजाणू सेकंदाला साधारण १० मीटर वेगाने सुटतात. हा पट्टा वर्गीकरणात पण कामाचा, तुमच्या नेफ्रोलेपिसमधे तो उभा आणि देठापाशी तुटलेला असतो, वृक्षनेच्यांमधे तिरका आणि पूर्ण गोल, आणि अँजिओप्टेरिससारख्या जुन्या घराण्यात असा पट्टा नसतोच, बीजाणुधानीची भिंतच जाड असते.

आमच्या आंब्यावर बाशिंग आहे. शेजारी म्हणतात झाड खाऊन टाकेल, काढा. वाळकी पानं आणि हिरवी पानं एकाच झाडाची कशी? (निवृत्त शिक्षक, सावंतवाडी)

गुरुजी, काढू नका. बाशिंग म्हणजे ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया, ते बांडगूळ नाही, त्याची मुळं सालीवर धरून असतात, आत शिरून रस घेत नाहीत. फांदी आधीच किडलेली असेल आणि वजनाने मोडण्याची भीती असेल तर तेवढीच फांदी बघा.

दोन प्रकारची पानं हेच त्याचं शहाणपण. तपकिरी, वाळक्या कागदासारखी, बिनदेठाची पानं खोडाला चिकटून उभी असतात, ती तयार झाल्यावर लवकरच वाळतात पण गळत नाहीत, त्यांच्यामागे आंब्याचा पालापाचोळा, धूळ, किड्यांची विष्ठा साठत जाते आणि कुजून खत होतं, बाशिंगाची मुळं त्यातच वाढतात. जमीन नाही तर जमीन वर तयार केली. लांब, खोल चिरलेली हिरवी पानं अन्न करतात आणि त्यांच्यामागे सोरस येतात, उन्हाळ्यात ती झडतात आणि पावसात परत येतात. अशी पाचोळा धरणारी पानं बागेतल्या स्टॅगहॉर्न फर्नला, म्हणजे प्लॅटिसेरियमला पण असतात, कुळ एकच, पण ड्रायनारियाची आणि त्याची शाखा वेगळी आणि ही युक्ती दोघांनी स्वतंत्रपणे मिळवली.

आता तुमच्या पत्रात नसलेली पण याच्याशी जोडलेली गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शाळेत आपण शिकवतो की नेचे हे प्राचीन, फुलझाडं आली आणि हे मागे पडले. अर्धंच खरं आहे ते. २००४ मधे नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जीवाश्म आणि डीएनए दोन्ही वापरून नेच्यांच्या वंशवृक्षाला काळाचं माप लावलं, तर आजच्या बहुसंख्य नेच्यांचे वंश फुलझाडांच्या नंतर, क्रिटेशियस म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळात आणि त्यापुढे फुटलेले दिसले. २००९ मधे एरिक श्युटपेल्झ आणि कॅथलीन प्रायर यांनी सुमारे चारशे जातींवर हेच काम आणखी बारकाईने केलं आणि झाडांवर राहणाऱ्या नेच्यांचा मोठा विस्तार त्याहून अलीकडचा, गेल्या साडेसहा कोटी वर्षांतला निघाला, म्हणजे फुलझाडांची उष्ण कटिबंधीय जंगलं उभी राहिली, उंच, दमट, फांद्यांवर शेवाळाचे थर असलेली, आणि त्या नव्या जागेत नेचे वर चढले. बाशिंगाचं कुळ पॉलिपोडिएसी यात सगळ्यात पुढे. जगातल्या नेच्यांच्या जातींपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जाती झाडांवरच राहतात. तुमच्या आंब्यावरचं बाशिंग त्या मानाने बऱ्यापैकी नव्या घराण्यातलं आहे.

सावलीत जगायला त्यांना एक मदत बाहेरून मिळाली. बऱ्याच नेच्यांकडे निओक्रोम नावाचं एक प्रकाशग्राही प्रथिन असतं, ते लाल आणि निळा दोन्ही प्रकाश ओळखतं, मंद उजेडात त्याचा उपयोग होतो, आणि २०१४ मधे छापलेल्या संशोधनानुसार ते जनुक नेच्यांकडे हॉर्नवर्ट या शेवाळासारख्या वनस्पतींकडून आलं, वंशपरंपरेने नाही, थेट एका वनस्पतीतून दुसरीत. नेचे आणि हॉर्नवर्ट यांचे प्रोथॅलस-थॅलस ओल्या मातीवर एकमेकांना खेटून वाढतात, तिथेच कधीतरी हे झालं असावं.

संजीवनी म्हणून बाजारात जी वाळलेली मुठी विकतात ती नेचा आहे का? पुस्तकात दोन्ही टेरिडोफायटा. (विज्ञान शिक्षिका, लातूर)

नाही. ती सेलाजिनेला, म्हणजे लायकोपॉड. बीजाणू दोघांना आहेत आणि बी नाही, एवढ्यावरून एकत्र ठेवले होते, पण लायकोपॉडांची वाट इतर सगळ्या नलिकायुक्त वनस्पतींपासून खूप आधी वेगळी झाली. २००१ च्या प्रायर आणि सहकाऱ्यांच्या संशोधनानंतर हे पक्कं झालं की नेचे सेलाजिनेलापेक्षा आंब्याला, वडाला, गव्हाला जास्त जवळचे आहेत, आणि घोडेशेपटी म्हणजे इक्विसेटम पण नेच्यांमधेच येतं. मुलांना टेरिडोफायटा हा शब्द शिकवा, पण तो राहणीचा गट आहे, वंशाचा नाही, हे एक वाक्य जोडा.

सिंगापूरमधे रस्त्याकडेच्या प्रत्येक रेन ट्रीवर मोठाले बर्ड्स नेस्ट फर्न दिसतात. हे सगळे एकच का? इथे नेच्यांचा अभ्यास कुणी केला? (सिंगापूर)

तुम्ही अगदी योग्य गावात आहात. सिंगापूर बोटॅनिक गार्डन्सचे संचालक रिचर्ड एरिक हॉल्टम यांनी मलाया द्वीपकल्पातल्या नेच्यांवर आयुष्य घातलं, जपानी ताब्याच्या काळातही ते बागेतच काम करत राहिले, आणि त्यांचं मलायाच्या नेच्यांवरचं पुस्तक १९५४ च्या सुमारास आलं, ते आजही उघडावं लागतं. त्यांचा मोठेपणा मला यात वाटतो की ते जिवंत झाडं बघून लिहायचे. युरोपातल्या हर्बेरियममधे उष्ण कटिबंधातल्या नेच्याचा एखादा वाळलेला तुकडा जायचा, खोड नाही, खवले नाहीत, कुठे वाढत होता ते माहीत नाही, आणि त्यावरून प्रजाती ठरायच्या. हॉल्टमनी खोड जमिनीत सरपटतं की उभं आहे, देठाच्या बुडाशी खवले कसे, शिरा कुठे जुळतात, कोवळ्या पानावर काय आहे हे सगळं धरलं, थेलिप्टेरिडेसी या अवघड कुळाची त्यांनी लावलेली मांडणी अजून चर्चेत आहे.

आता तुमचा नेचा. ॲस्प्लेनियम नायडस हे नाव आफ्रिकेपासून पॅसिफिकपर्यंतच्या असल्या सगळ्या नेच्यांना सर्रास लावलं जातं. जपानी आणि इंडोनेशियन अभ्यासकांनी जावातल्या हालिमून पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानात एकाच जंगलातली ही झाडं तपासली आणि २००१ मधे छापलं, दिसायला जवळपास सारखी, पण आरबीसीएलचे तीन वेगळे प्रकार, आणि शेजारी शेजारी वाढूनही त्यांच्यात संकर होत नाही. म्हणजे एका नावाखाली तीन जाती, त्या पण एका डोंगरावर. अख्ख्या आशियात किती असतील विचार करा. पान साधं, न चिरलेलं, कडा सरळ, त्यामुळे डोळ्याला धरायला काही मिळतच नाही. रस्त्यावरची झाडं बघताना मधल्या शिरेचा मागचा आकार बघा, तिथे उंचवटा आहे की सपाट, सोरसच्या रेघा शिरेपासून कडेपर्यंत कुठवर जातात ते बघा, हे फरक फोटोत येत नाहीत.

बोर्निओत सबाहमधल्या डॅनम व्हॅलीत याच नेच्याच्या घरट्यांतले किडे मोजले होते, मोठं घरटं ओलं असताना २०० किलोपर्यंत भरतं आणि त्यात इतके किडे निघाले की झाडांच्या शेंड्यांमधल्या किड्यांच्या एकूण वजनाचा अंदाज जवळपास दुप्पट करावा लागला. रेन ट्रीखाली कधी थांबाल तेव्हा वर बघा, वर एक अख्खं गाव राहतंय.

मुलगा विचारतो नेचे डायनासोरच्या आधीचे का? (नाशिक)

हो, खूप आधीचे. नेच्यांचा वंश साधारण ३६ ते ३९ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी आले. अँजिओप्टेरिसच्या घराण्यातले वृक्षनेचे कोळशाच्या काळातल्या दलदलीत होते. पण वरच्या उत्तरात लिहिलंय तसं, आज दिसणाऱ्या बहुतेक जाती नव्या आहेत, घराणं जुनं, माणसं नवी.

त्याला हे पण सांगा की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत उल्का पडली आणि जंगलं संपली, त्यानंतरच्या थरात कित्येक ठिकाणी खडकात नेच्यांचे बीजाणूच बीजाणू मिळतात, कारण उजाड जमिनीवर आधी तेच आले. त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, नाशिकच्या डोंगरांचा काळा दगड तोच, आणि दोन लाव्हांच्या मधल्या काळात जी तळी साचली त्यांच्या गाळात अझोलाचे, म्हणजे भाताला खत म्हणून सोडतात त्या तरंगत्या नेच्याचे जीवाश्म मिळालेत. बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी १९३४ मधे मध्य भारतातून त्याचं वर्णन केलं, नाव ठेवलं अझोला इंटरट्रॅपिया.

एम.एस्सी. झालं, नेच्यांच्या उत्क्रांतीवर पीएच.डी. करायचीय. सगळे म्हणतात फुलझाडं घे, नेच्यात आता काय उरलंय. सुरुवात कुठून करू? (पुणे)

उरलंय म्हणजे, अर्धंअधिक काम उरलंय. तू पुण्यात आहेस, जिथे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे सरांसारख्या माणसांनी नेच्यांवर काम केलं, सह्याद्री दोन तासांवर आहे आणि ब्लॅटर-डि'आल्मेडांचं १९२२ चं मुंबई इलाख्याच्या नेच्यांवरचं पुस्तक ग्रंथालयात मिळेल, अजून काय पाहिजे.

विषय निवडताना मोठं कुळ घेऊ नकोस, एक गुंतलेला गट घे. हंसराजचा गट घे, म्हणजे एडियँटम फिलिपेन्स आणि त्याचे भाऊबंद, नाहीतर टेरिस, नाहीतर वर लिहिलेला पांढरा अल्युरिटॉप्टेरिस. हे तिन्ही एवढ्यासाठी सुचवतेय की यांच्यात लैंगिक संयोग न होता प्रोथॅलसमधून थेट नवं झाड येण्याचा प्रकार आहे, त्याला अपोगॅमी म्हणतात. नेहमीच्या नेच्याच्या एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू असतात, अपोगॅमीवाल्यात साधारण ३२ आणि आकाराने मोठे, म्हणजे प्रयोगशाळेत पाऊल टाकायच्या आधी नुसत्या स्लाइडवर धानी फोडून बीजाणू मोजलेस तरी तुझ्याकडे निष्कर्ष आहे. अशी झाडं बरेचदा ट्रिप्लॉइड, म्हणजे क्रोमोझोमचे (गुणसूत्रांचे) दोनाऐवजी तीन संच असलेली, असतात, ट्रिप्लॉइडमधे एरवी बीजाणू नीट होत नाहीत, पण अपोगॅमीमुळे ती टिकतात आणि पसरतात, आणि एकेक अशी शाखा दिसायला किंचित वेगळी, त्यामुळे जात कुठे संपते हा प्रश्न इथे खरोखर कठीण होतो. मला हा प्रश्न फुलझाडांतल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा मोठा वाटतो.

क्रोमोझोम मोजायला शीक, आजकाल कुणी शिकत नाही आणि फार मोठी उणीव आहे. आयरीन मँटन यांनी १९५० मधे नेच्यांच्या क्रोमोझोमवर ग्रंथ लिहिला, त्यानंतर स्लेज यांच्यासोबत सिलोनच्या नेच्यांवर काम १९५४ मधे छापलं, तोवर पुष्कळांना वाटायचं की क्रोमोझोमचे संच दुप्पट-चौपट होणं हा थंड प्रदेशातला, हिमयुगाचा परिणाम, पण सिलोनच्या उष्ण जंगलात असे पॉलिप्लॉइड नेचे ब्रिटनपेक्षा कमी नाहीत, उलट जास्तच निघाले. चंदीगडच्या पी. एन. मेहरांनी हिमालयात आणि केरळात ए. अब्राहम आणि सी. ए. निनान यांनी हेच काम पुढे नेलं. पहिल्या पावसात सड्यांवर ऑफिओग्लॉसम उगवतो ना, एक पान आणि एक काडी, त्यातल्या रेटिक्युलाटम जातीत १२६० क्रोमोझोम मोजलेत, काही नमुन्यांत १४४०, माणसात ४६. आणि २०२४ मधे न्यू कॅलेडोनियातल्या टमेसिप्टेरिस ऑब्लान्सिओलाटा या नेच्याचा जीनोम १६० अब्ज बेस जोड्यांचा निघाला, आजवर मोजलेल्यांत सगळ्यात मोठा. एवढं सामान नेचे का सांभाळतात, काढून का टाकत नाहीत, यावर जगात काम चालूच आहे.

मोजायची पद्धत अवघड नाही, हात बसायला वेळ लागतो. बीजाणुधान्या अजून हिरवट-पांढऱ्या असतानाच पानाचा तुकडा जंगलातच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक ॲसिडमधे टाकायचा, नंतर स्लाइडवर ॲसिटोकार्मिनमधे धान्या फोडून अंगठ्याने दाबायचं. तपकिरी झालेल्या धान्या निरुपयोगी, तोवर विभाजन संपलेलं असतं, नवीन मुलं नेमकी पिकलेली पानं तोडून आणतात.

डीएनएसाठी पानाचा नखाएवढा कोवळा तुकडा सिलिका जेलमधे, दुसऱ्या दिवशी जेलचा रंग बघायचा. क्लोरोप्लास्टचं आरबीसीएल आधी कर, पण त्यावर थांबू नकोस, क्लोरोप्लास्ट फक्त आईकडून येतं, त्यामुळे संकरित झाड असलं तर ते तुला आईच दाखवेल आणि तू त्याला आईची जात समजशील. बाप कोण ते बघायला केंद्रकातली जनुकं लागतात. नेच्यांमधे संकर खूप होतात आणि फार लांबच्या नात्यात पण होतात, युरोपातल्या पिरिनीज डोंगरांमधल्या एका संकरित नेच्याचे आईबाप सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी वेगळे झालेल्या वंशांतले निघाले.

प्रोथॅलस विसरू नकोस, नखाएवढी हिरवी चकती, ओल्या मातीच्या कापावर बघ. जोएल निट्टा आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकमधल्या ताहिती आणि मूरिया बेटांवर जमिनीवरचे प्रोथॅलस डीएनएने ओळखले तर ते सगळेच आसपासच्या मोठ्या झाडांचे नव्हते, जिथे जातीचं मोठं झाड नाही तिथे पण तिचे प्रोथॅलस जगत होते. सह्याद्रीत असं कुणी बघायला घेतलं तर पहिल्या पावसाळ्यातच काहीतरी सापडेल. लहान गोष्टी शोधायला तर आपल्याकडे वाव आहेच, गुजरातच्या डांगमधल्या आहवा जंगलातून ऑफिओग्लॉसम माल्वी नावाची जेमतेम एक सेंटिमीटरची जात आली, तिचं वर्णन जगातला सगळ्यात छोटा जमिनीवरचा नेचा असं केलं गेलंय, म्हणजे जिथे आपण पाय ठेवून चालतो तिथे ती होती.

परवानगीचं आधी बघ, संरक्षित जंगलात वनविभागाची लेखी परवानगी लागते, वृक्षनेच्यांना हात लावायचा नाही, सायथिया ही वृक्षनेच्यांची प्रजाती वन्य जीव-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या (साइट्सच्या) यादीत आहे. बाकीच्या नेच्यांत एकाच जागेहून सगळी झाडं उपटू नकोस. शीट करताना बीजाणूवालं पान, बिनबीजाणूचं पान, खोडाचा तुकडा आणि देठाच्या बुडाचे खवले हे चारही लागतात, खवल्यांशिवाय शीट म्हणजे पुढच्या माणसाला काहीच उपयोग नाही. उंची, दगड की झाड, सावली किती, हे जागेवरच लिही. आणि एक संच आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या हर्बेरियममधे दे, सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियममधे जाऊन १९२२ च्या पुस्तकामागचे मूळ नमुने स्वतः बघून ये, तुझ्या गटातली निम्मी भांडणं त्या जुन्या शीटवरची लेबलं वाचून सुटतील.